रोग ओसरला, वेदना उरली : रक्ताच्या कर्करोगानंतर मज्जातंतूंच्या दुखण्यासह जगताना

केमोथेरपीचे शेवटचे सलाईन उतरते. डॉक्टर अहवाल पाहून समाधान व्यक्त करतात. घरी आप्तेष्ट जमतात, चर्चमध्ये आभाराची मिस्सा अर्पण केली जाते, शेजारीपाजारी हात हातात घेऊन अभिनंदन करतात. मात्र त्याच रात्री घर निजल्यावर रुग्णाच्या तळपायांची आग सुरू होते. पांघरुणाची कडा बोटांना लागली तरी ती सहन होत नाही. थंड फरशीवर पाय टेकवावा, तर काचेच्या तुकड्यांवर पाऊल पडल्यासारखे वाटते. सकाळी कोणी विचारले, "आता बरे आहे ना?" तर उत्तर येते, "हो, देवाची कृपा!" पायांविषयी मात्र रुग्ण अवाक्षर काढत नाही.

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांवर उपचार घेतलेल्या अनेकांच्या वाट्याला हा अनुभव येतो. या मौनामागे दोन कारणे असतात. एक भीतीचे : पायांचे सांगितले, तर डॉक्टर जीव वाचवणारे औषधच बंद करतील. दुसरे संकोचाचे : एवढ्या मोठ्या संकटातून वाचल्यावर पायांच्या आगीची तक्रार करणे कृतघ्नपणाचे दिसेल. ही दोन्ही कारणे समजण्यासारखी असली, तरी दोन्ही रुग्णाचे नुकसान करतात. ही वेदना म्हणजे मनाचा खेळ नव्हे. तो शरीराला झालेल्या इजेचा परिणाम आहे. तिला नाव आहे, कारण आहे आणि पुष्कळ अंशी उपायही आहे. मात्र उपायाची सुरुवात रुग्णाने तोंड उघडण्यापासून होते.

ही वेदना कशी ओळखावी?

मार लागल्यावर किंवा सांधा सुजल्यावर होणारे दुखणे आपल्या परिचयाचे असते. त्यात मज्जातंतू केवळ निरोप्याचे काम करतात. दुखापतीची वार्ता ते मेंदूपर्यंत पोहोचवतात. मज्जातंतूंच्या वेदनेत हा निरोप्याच जखमी झालेला असतो. पायाला काहीही झालेले नसताना तो 'पाय जळतो आहे' असा खोटा निरोप धाडत राहतो. निरोप खोटा असला, तरी होणारी वेदना पूर्णपणे खरी असते.

रुग्ण तिचे वर्णन नाना प्रकारे करतात : मुंग्या येतात, सुया टोचतात, विजेचा झटका बसतो, तळव्याखाली कापूस किंवा वाळू असल्यासारखे वाटते. आग आणि बधिरपणा एकाच वेळी एकाच पायात नांदतात, हे या दुखण्याचे वैशिष्ट्य होय. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते दहा पावले पुढे गेल्यावर कळते. सदऱ्याची बटणे लागत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, रोझरीचा मणी बोटांना लागत नाही. त्रास बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजे चढवावेत तसा वर सरकतो. पुढे तो हातमोज्यांसारखा हातांच्या बोटांतही दिसू लागतो.

काही रुग्णांची मज्जातंतूंची विद्युत तपासणी केली, तर अहवाल निर्दोष येतो. तेव्हा घरचे म्हणतात, "तपासणीत तर काहीच नाही." वस्तुतः ही तपासणी जाड तंतूंचे काम मोजते. वेदना आणि उष्णता यांची जाणीव वाहणारे अतिसूक्ष्म तंतू तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून रुग्णाची वेदना खोटी ठरत नाही.

औषधच इजा का करते?

वसईच्या वाडीत विहिरीचे पाणी पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यावे लागते, हे आपल्या बागायतदार वाचकांना सांगायला नको. पाट मध्ये कोठेही फुटला, तरी सर्वांत आधी सुकतो तो शेवटचा वाफा. मज्जातंतूंचेही तसेच आहे. पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहणाऱ्या तंतूची मूळ पेशी कण्यालगत असते आणि तिचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. तंतूच्या टोकापर्यंत पोषणद्रव्ये पोहोचवण्यासाठी त्याच्या आत अतिसूक्ष्म नलिकांची व्यवस्था असते. ही वाहतूक विस्कळीत झाली, की सर्वांत लांब तंतूंची टोके प्रथम कोमेजतात. म्हणूनच त्रासाचा आरंभ पायाच्या बोटांपासून होतो.

ल्युकेमिया व लिम्फोमा यांवर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध नेमके याच नलिकांवर आघात करते. कर्करोगाच्या पेशीला दुभंगून वाढण्यासाठी या नलिका लागतात. त्या मोडल्या, की पेशी मरते. मज्जापेशी दुभंगत नाही, परंतु वाहतुकीसाठी तिलाही त्याच नलिका हव्या असतात. एकाच बाणाने शत्रू आणि मित्र दोघेही घायाळ होतात ते असे. हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मूळ मादागास्करच्या या वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली आणि तेव्हापासून लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारांत त्याचे स्थान अढळ आहे. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चावून खाण्याची प्रथा आपल्याकडे आढळते. मज्जातंतू आधीच दुखावलेल्या माणसाने तरी हा प्रयोग मुळीच करू नये.

मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग होय. त्यावरील थॅलिडोमाइडचा इतिहास विलक्षण आहे. १९५७ साली जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून ते बाजारात आले. गर्भवतींनी ते घेतल्यामुळे हजारो अर्भके व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ साली ते मागे घ्यावे लागले. त्याआधीच, १९६० साली, हे औषध घेणाऱ्यांचे हातपाय बधिर होत असल्याचे एका डॉक्टरांनी ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. पुढे १९९९ साली हेच औषध मायलोमावर गुणकारी असल्याचे दिसून आले. मात्र त्याचा मज्जातंतूंवरील परिणाम साचत जातो. जितका काळ घ्यावे तितकी इजा वाढते आणि ती पूर्णपणे भरून येईलच असे नसते. त्याच कुळातील लेनालिडोमाइड या बाबतीत बरेच सौम्य आहे. अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब कण्यालगतच्या मज्जापेशींनाच त्रास देते. त्याची वेदना तीव्र असू शकते. परंतु मात्रा वेळीच कमी केली, तर बहुसंख्य रुग्णांचा त्रास काही महिन्यांत उतरणीला लागतो.

मधुमेह, मद्यपान, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आनुवंशिक मज्जाविकार असल्यास इजा अधिक होते. व्हिन्क्रिस्टीन चालू असताना बुरशीजन्य संसर्गासाठी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल घेतल्यासही धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना केमोथेरपीची फाइल सोबत न्यावी.

सांगितले तर उपचार बंद होतील का?

हा प्रश्न कळीचा आहे. मज्जातंतूंचा त्रास लवकर कळला, तर डॉक्टरांना औषध एकदम बंद करण्यावाचून अन्य मार्ग उपलब्ध असतात. मात्रा कमी करता येते. बोर्टेझोमिब आठवड्यातून दोनदा देण्याऐवजी एकदा देता येते. ते शिरेतून न देता त्वचेखाली टोचता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात शिरेतून औषध घेतलेल्या ५३ टक्के रुग्णांना मज्जातंतूंचा त्रास झाला, तर त्वचेखाली टोचलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. तीव्र स्वरूपाचा त्रास तर १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. रोगावरील परिणाम मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. याचा अर्थ स्पष्ट आहे : त्रास वेळीच सांगणारा रुग्ण आपला उपचार धोक्यात घालत नाही, तो टिकवून धरतो. पाऊल उचलेनासे होईपर्यंत गप्प राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतच औषध पूर्ण थांबवण्याची वेळ येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिन्क्रिस्टीन थांबवल्यानंतरही काही आठवडे, क्वचित काही महिने, त्रास वाढत जाऊ शकतो. त्यामुळे 'औषध संपले, आता हे कशाचे?' असे वाटून रुग्ण घाबरतो. बहुधा ती औषधाचीच उरलेली करणी असते. तरीही डॉक्टरांना ते कळवलेच पाहिजे, कारण प्रत्येक वेदनेचे कारण औषधच असते असे नाही. विशेषतः मायलोमाच्या रुग्णाला पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, पायांतील शक्ती एकाएकी गेली किंवा लघवी व शौचावरील ताबा सुटला, तर मणक्यात मेरुरज्जू दाबला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नागीण : दुर्लक्षित शत्रू

लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या मज्जापेशींत त्या विषाणूचे वास्तव्य आयुष्यभर असते. रक्ताचा कर्करोग, अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा बोर्टेझोमिबसारखी औषधे यांनी प्रतिकारशक्ती खालावली, की तो नागिणीच्या रूपाने बाहेर पडतो. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. फोड सुकल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने आग राहू शकते.

नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तिला आधार नाही. झाडपाला, गेरूचा लेप आणि मंत्र यांत जाणारा वेळ मात्र घातक ठरतो, कारण फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक लाभ होतो. बोर्टेझोमिब घेणाऱ्यांना अशी गोळी प्रतिबंधक म्हणून दिली जाते. ती मनाने बंद करू नये. जिवंत विषाणू नसलेली नागिणीची लस भारतात २०२३ सालापासून उपलब्ध आहे. ती केव्हा घ्यावी, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

औषधे : कोणती उपयोगी, कोणती नव्हेत

औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून घेणे, हा आपल्याकडील सर्रास उपाय. मज्जातंतूंच्या वेदनेवर या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. मायलोमाच्या रुग्णाची मूत्रपिंडे आधीच नाजूक झालेली असतात आणि या गोळ्यांनी ती कायमची निकामी होण्याची भीती असते. त्या रुग्णांनी तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून त्यांना स्पर्शही करू नये.

केमोथेरपीनंतरच्या वेदनादायी मज्जाविकारावर आजवर सर्वांत भक्कम आधार मिळाला आहे तो ड्युलोक्सेटिन या औषधाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के रुग्णांची वेदना कमी झाली, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. ही चाचणी अन्य कर्करोगांवरील औषधांनी बाधित झालेल्या रुग्णांवर झाली होती. तरीही रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी तिचा आधार घेतला जातो. ड्युलोक्सेटिन हे मूळचे नैराश्यावरील औषध आहे. गोळीच्या वेष्टणावरील माहिती वाचून "मला काय वेड लागले आहे?" असे म्हणत ती फेकून देणारे रुग्ण आढळतात. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना त्याला अटकाव करणारी जी रसायने कण्यात काम करतात, त्यांना हे औषध बळ देते. मनोविकाराशी येथे त्याचा संबंध नसतो.

गॅबापेंटिन, प्रेगाबॅलिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधेही दिली जातात. त्यांचा पुरावा तुलनेने क्षीण असला, तरी काही रुग्णांना त्यांनी झोप लागते आणि दिवस सुसह्य होतो. मूत्रपिंडे अशक्त असतील, तर गॅबापेंटिन व प्रेगाबॅलिन यांची मात्रा कमी ठेवावी लागते. यांपैकी कोणतेही औषध पहिल्याच दिवशी गुण देत नाही. दोन-चार आठवडे वाट पाहावी लागते. तसेच ती एकाएकी बंदही करू नयेत. सुरुवातीला चक्कर व गुंगी येते, म्हणून रात्री उठताना क्षणभर खाटेवर बसून मग उभे राहावे.

'नसांची ताकद' म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या मुक्तहस्ते घेण्याचीही प्रथा आहे. ब-१२ कमी असेल, तर ते अवश्य घ्यावे. परंतु ब-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्यामुळेच मज्जातंतूंना इजा होते. प्रयोगशाळेतील अभ्यासांत हरित चहातील अर्क बोर्टेझोमिबचा प्रभाव नष्ट करतो, असे आढळले आहे. म्हणून कोणतेही पूरक औषध घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

व्यायामाचे महत्त्व अलीकडे अधिक स्पष्ट झाले आहे. जर्मनीत झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केमोथेरपी चालू असताना आठवड्यातून दोनदा तोल साधण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांना मज्जातंतूंचा विकार जडला. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. भिंतीचा आधार हाताशी ठेवून एका पायावर उभे राहणे यांसारखे साधे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येतात.

घरातील दक्षता

बधिर पायाला जखम कळत नाही. कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करणारे सेवक हा धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत. तोच येथेही लागू पडतो. रोज रात्री उजेडात दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. दिसत नसेल, तर आरसा धरावा किंवा घरच्यांना सांगावे. अंघोळीचे पाणी पायाने न अजमावता कोपराने अजमावावे. आग शमवण्यासाठी पाय बर्फात बुडवू नयेत आणि शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी लावू नये. चुलीवरचे भांडे उचलताना जाड फडके वापरावे. घरातही मऊ, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. न्हाणीघरात दांडा बसवून घ्यावा आणि रात्री वाटेवर मंद दिवा असावा.

वाडीत अनवाणी काम करण्याची सवय आता सोडावी. नवस फेडण्यासाठी अनवाणी चालत जाण्याचा संकल्प असेल, तर आपल्या धर्मगुरूंशी बोलून त्याऐवजी दुसरे काही करावे. बधिर पायात घुसलेला काटा आणि क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांचा मेळ जीवघेणा ठरू शकतो. चर्चमध्ये फार वेळ गुडघ्यांवर राहून पाय बधिर होत असतील, तर बसून प्रार्थना करण्यात काहीच उणेपणा नाही. तपासणीसाठी मुंबईला जाताना गर्दीत उभे राहण्याचा हट्ट धरू नये. लोकलमधील दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो.

सोसणे म्हणजेच श्रद्धा का?

आपल्या श्रद्धावंत घरांतून वेदनेविषयी एक गैरसमज वावरतो. दुखणे म्हणजे देवाने दिलेला क्रूस, तो मुकाट्याने वाहावा आणि वेदनाशामक घेणे म्हणजे श्रद्धेचा दुबळेपणा, असे पुष्कळांना, विशेषतः वयस्कर मातांना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले होते, की वेदना दूर करण्यासाठी वैद्यकीय उपाय घेणे ख्रिस्ती माणसाला पूर्णतः मान्य आहे आणि आवश्यकता असल्यास गुंगी आणणारी औषधेही घेता येतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी 'साल्व्हिफिची दोलोरिस' हे मानवी दुःखावरील प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. त्यात दुःखाच्या अर्थाचा शोध घेतल्यावर अखेरीस त्यांनी वाचकांपुढे उभा केला तो दयाळू शोमरोनी. जखमी वाटसरूला सोसण्याचा उपदेश न करता त्या शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या. टाळता न येणारे दुःख प्रार्थनापूर्वक स्वीकारणे वेगळे आणि टाळता येणारे दुःख लपवून ठेवणे वेगळे.

घरच्यांनी काय करावे?

"अजून दुखतेच आहे का?" या प्रश्नाने रुग्णाचे तोंड बंद होते. त्याऐवजी "आज कोठे दुखते? आग आहे की बधिरपणा? रात्री झोप लागली का?" असे विचारावे. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा रोज टिपला, तर डॉक्टरांना महिन्याभराचे चित्र क्षणात कळते. कोणती कामे जमेनाशी झाली, तेही लिहावे : जिना, बटणे, स्वाक्षरी, स्वयंपाक. चिडचिड आणि उदासी वाढली, तर तो स्वभावदोष समजू नये. रात्रीमागून रात्र झोपेविना गेलेल्या माणसाचे ते लक्षण असते आणि त्यावरही उपचार होऊ शकतात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांतून वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे पाठवले म्हणजे आशा संपली, असा अर्थ कोणी काढू नये. रोगमुक्त झालेल्यांसाठीही त्या विभागाचे दार उघडे असते.

इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या मंद गतीने. त्यामुळे सुधारणा आठवड्यांत न मोजता महिन्यांत मोजावी लागते. कोणाचा त्रास पूर्ण जातो, कोणाचा निम्म्यावर येतो, तर कोणाला त्याच्यासह जगण्याची रीत शिकावी लागते. तिन्ही प्रकारच्या रुग्णांना मदत मिळू शकते. या लेखाचा वाचक स्वतः असा रुग्ण असेल, तर त्याने आज रात्रीच एका कागदावर आपल्या पायांविषयी चार ओळी लिहाव्यात आणि तो कागद तपासणीच्या फाइलमध्ये अगदी वर ठेवावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी "कसे आहात?" असे विचारले, की "बरा आहे" म्हणण्याआधी तो कागद त्यांच्या हाती द्यावा.